मावशी म्हणाल्या, ‘एक शेड उजळ घे’

या वेळचं पत्र थोडं कापून देते आहे.

‘ताई, मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे. तीन वर्षं मेकअपचं काम करतेय. बेसिक कोर्स झाला, ॲडव्हान्स झाला, वर दोन दिवसांचा एक मास्टरक्लासही झाला. तिन्ही सर्टिफिकिटं भिंतीवर आहेत. तरी क्लायंट खुर्चीत बसली की पोटात गोळा येतो आणि लायनर लावताना हात थरथरतो. मागच्या महिन्यात एका नवरीच्या बहिणीचा मेकअप केला. फाउंडेशनची शेड बघत होते तेव्हा तिच्या मावशी म्हणाल्या, “एक शेड उजळ घे गं.” मला मनातून वाटत होतं की नको, पण घेतली. आरशात ठीक दिसलं. नंतर फोटो आले तर चेहरा राखाडी आणि मान वेगळ्याच रंगाची. ती मुलगी काही बोलली नाही, पण मी तो फोटो रोज उघडून बघते. आता एक मोठा ॲडव्हान्स कोर्स निघालाय. पुन्हा पैसे भरू का? की माझ्यात आत्मविश्वासच नाही हे मान्य करून दुसरं काही बघू? पुढच्या महिन्यात एका नवरीचं काम घेतलंय, तेही सोडावंसं वाटतं. आणि एक छोटा प्रश्न, हसू नका. लायनर लावताना आपलं तोंड समोरच्याच्या तोंडापाशी असतं, तेव्हा श्वास कसा घ्यायचा? – आरशामागची’

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या राखाडी फोटोपाशी अडकले, दुसऱ्यांदा सर्टिफिकिटांपाशी. तिसऱ्या वेळी कुठे ते वाक्य दिसलं, जे तू घाईघाईत लिहून पुढे गेली आहेस: ‘मला मनातून वाटत होतं की नको, पण घेतली.’ माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

शेड चुकतेय हे तुला दिसलं होतं. म्हणजे तीन वर्षांत तुझा डोळा तयार झालाय, आणि ही कमाई लहान नाही. अडलं ते पुढे. मावशींना सांगायला तुझ्याकडे ‘नको’ होतं, ‘का नको’ नव्हतं. वयाने मोठी बाई, घरभर पाहुणे, घड्याळ पुढे सरकतंय, अशा वेळी नुसतं ‘नको’ कोणाचंच टिकत नाही. माझंही टिकलं नसतं. तुझ्या तिन्ही कोर्सांत काय झालं असेल याचा अंदाज मला आहे. आधी हे लावा, मग ते लावा, या कंपनीचं हे घ्या, त्या नंबरचा ब्रश वापरा. पायऱ्या पाठ झाल्या, पायरीमागचं कारण कोणी सांगितलं नाही. पाठ केलेल्या माणसाला मधेच कोणी प्रश्न विचारला की तो गडबडतो, तसं झालं तुझं.

म्हणून आधी त्या फोटोचं कारण शोधू. तू तो रोज उघडतेसच, तर आज जरा वेगळ्या नजरेने उघड.

बहुतेक सगळ्या फाउंडेशनांत मुख्य रंगद्रव्यं चारच असतात. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळं, तांबडं, काळं अशी तीन आयर्न ऑक्साइडं. यांचं प्रमाण कमी-जास्त करूनच दुकानातली ती लांबलचक रांग तयार होते. शेड उजळ होत जाते तसं ढोबळमानाने पांढरं वाढत जातं. आता सावळ्या त्वचेवर हा पांढरा जास्त असलेला थर पातळ पसरला, की खालचा गडद रंग त्यातून डोकावतो. गडद रंगावर पांढऱ्याचा विरळ पडदा निळसर, राखाडी दिसतो. काळ्या भिंतीसमोरून जाणारा धूर निळसर दिसतो ना, तसंच. थर जाड केलास तर राखाडी जाईल, पण मग मुखवटा दिसेल. म्हणजे मावशींचं ऐकल्यावर तुझ्यापुढे दोनच वाटा उरल्या होत्या, आणि दोन्ही वाईट.

दुसरं कारण अंडरटोनचं. त्वचा किती उजळ किंवा गडद ही एक गोष्ट, आणि तिच्यात पिवळा, तांबूस की ऑलिव्ह यातला कोणता कल आहे ही वेगळी गोष्ट. उन्हाने पहिली बदलते, दुसरी सहसा बदलत नाही. पिवळ्या कलाच्या त्वचेवर गुलाबी कलाचं फाउंडेशन लावलं, तर शेड अगदी जुळती असली तरी चेहरा मानेपासून सुटा दिसतो. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघून अंडरटोन ओळखायला शिकवतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही, कारण खोलीतला दिवा बदलला की शिरांचा रंगही बदललेला वाटतो. मी जबड्याच्या कडेपासून मानेवर उतरतील अशा तीन शेड्सच्या रेघा ओढते आणि दहा-पंधरा मिनिटं थांबते. काही फाउंडेशनं वाळताना, त्वचेच्या तेलात मिसळताना गडद होतात, ते एवढ्या वेळात कळतं. मग क्लायंटला खिडकीपाशी नेते. जी रेघ सापडत नाही ती तिची शेड.

आणि ‘आरशात ठीक दिसलं’ याचंही कारण आहे. त्या खोलीत पिवळे दिवे होते का, आठवून बघ. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो. तो राखाडी चेहऱ्यालाही उसनी ऊब देतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण ५५०० केल्व्हिनचा, दुपारच्या उजेडासारखा. त्याने ती उसनी ऊब काढून घेतली आणि खाली जे होतं ते दाखवलं. तेव्हा कामाला जाताना आपला दिवा आपण न्यावा. दिवसाच्या उजेडाजवळचा असावा आणि त्याचा सीआरआय ९० च्या वर असावा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. रंग किती खरे दिसतील याचं ते माप आहे, कमाल १००. रिंग लाइट विकत घेताना याकडे फार कमी जणी बघतात. शिवाय रिंग लाइट सगळीकडून सारखा पडतो, सावल्या खातो, त्यामुळे काँटूर, म्हणजे गालाला-नाकाला आकार देणारी गडद छटा, कमी वाटतो आणि आपण वाढवत जातो.

फ्लॅशचा मार मीही खाल्लाय. उमेदवारीच्या काळात एका क्लायंटच्या डोळ्यांखाली मी सिलिकाची पारदर्शक पावडर भरभरून लावली होती. खोलीत त्वचा मऊसूत दिसत होती. फोटोत डोळ्यांखाली दोन पांढरे चंद्र. अतिबारीक सिलिका फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकते. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन खाली जास्त झालं तरी असाच पांढरा फटफटीतपणा येतो. त्या दिवसापासून बेस झाला की मी मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढतेच. पाच सेकंदांचं काम.

दिवा आणि कॅमेरा बदलला की मेकअप बदलावा लागतो, ही अडचण या धंद्याइतकीच जुनी आहे. मॅक्स फॅक्टर या हॉलिवूडच्या मेकअपवाल्यांनी १९१४ साली सिनेमासाठी पातळ ग्रीसपेंट, म्हणजे चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग, केलं, ते रंगमंचावरचा जाड थर जवळच्या कॅमेऱ्यात तडकलेला दिसे म्हणून. पुढे काही वर्षं जी फिल्म वापरात होती तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे येत. त्या फिल्मची जागा १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव्या फिल्मने घेतली आणि सोबत दिवेही बदलले, तेव्हा लोकांना रंग पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागले. त्यांनाही आरशावर भरवसा ठेवता आला नाही, तर तू का ठेवावास?

आता मावशी. त्या पुन्हा येणार आहेत. कधी सासूच्या रूपात, कधी मैत्रिणीच्या, कधी क्लायंट स्वतःच मावशी असते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ‘हो, बघू या ना’ म्हण. जबड्याच्या एका बाजूला त्यांनी सांगितलेली शेड लाव, दुसऱ्या बाजूला तुझी. फ्लॅश मारून फोटो काढ आणि मोबाइल त्यांच्या हातात दे. लोक तुझ्या बोलण्याशी वाद घालतील, फोटोशी सहसा घालत नाहीत. त्यांना काय हवं होतं हेही समजून घे. त्यांना मुलीचा चेहरा उठून दिसायला हवा होता, आणि त्यासाठी त्यांच्याकडे ‘उजळ’ हा एकच शब्द होता. तो उठाव बेस न बदलता देता येतो. आधी डोळ्यांखालचा काळसरपणा करेक्टरने मार, उजळ त्वचेला पीच, मध्यम सावळीला नारिंगी, गडद त्वचेला लालसर नारिंगी, कारण निळसर छटेला रंगचक्रात तिच्या समोर असलेला नारिंगीच खोडतो. मग चेहऱ्याच्या मध्यावर, म्हणजे डोळ्यांखाली, नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर अर्धी शेड उजळ कन्सीलर. गालांना थोडी ऊब. मावशी म्हणतील, ‘हे बघ, मी म्हणत नव्हते?’ म्हणू देत.

जाता जाता एक. तुझ्या कोर्सच्या वहीत त्वचेचे ‘टाइप १ ते ६’ असा तक्ता असेल आणि तो शेडचा तक्ता म्हणून शिकवला असेल, तर तिथे खूण करून ठेव. तो फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांच्या १९७५ सालच्या वर्गीकरणातून आलाय, आणि त्वचा उन्हाने भाजते की काळवंडते हे त्यात मोजलंय. फाउंडेशन निवडायला तो केलाच नव्हता. गडद त्वचेच्या छटा त्यात फारच थोड्या बसतात.

कोर्सबद्दल विचारलंस. मी कोर्सच्या विरोधात नाही, मी स्वतः अजून दर दोन-तीन वर्षांनी कुठेतरी विद्यार्थिनी होऊन बसते. पण चौथं सर्टिफिकिट तिसऱ्याच्या शेजारी लागल्याने पोटातला गोळा जाईल असं वाटत असेल तर पैसे भरू नकोस. भरायचेच असतील तर आधी फोन करून विचार: दिवसात किती तास माझा हात चेहऱ्यावर असेल? शिक्षिका मेकअप करणार आणि वीस मुली मोबाइलवर शूट करणार असतील, तर ते प्रात्यक्षिक झालं, प्रशिक्षण नाही. मॉडेल कोण असतात? सगळ्या पंचविशीतल्या, गुळगुळीत कातडीच्या असतील तर पन्नाशीची पापणी, मुरुमांचे खड्डे, गालावरचा वांग हे तू कुठे शिकणार? केलेलं काम उन्हात आणि फ्लॅशमध्ये तपासतात का? चुकलेलं सगळ्यांसमोर दुरुस्त करून दाखवतात का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडून जरा शांतता पसरली तर समजून जा. आणि कोर्ससोबत किट घेणं सक्तीचं असेल तर तो कोर्स कमी आणि दुकान जास्त आहे.

‘ॲडव्हान्स’ या शब्दाखाली सगळंच मोडतं. एअरब्रश, प्रोस्थेटिक, एचडी, एडिटोरियल. तुला यातलं आत्ता काही नको. तुला रंगशास्त्र हवंय आणि वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या पोताच्या त्वचा हव्यात. हे दोन नीट शिकवणारं कोणी भेटलं तर जा, नाहीतर जाऊ नकोस.

त्यापेक्षा एखाद्या मुरलेल्या आर्टिस्टकडे सहा महिने असिस्ट कर. तीन वर्षं स्वतःचं काम केल्यावर पुन्हा ब्रश धुवायचे, याचा कमीपणा वाटेल. पहिले दोन आठवडे वाटतो. सिनेमाचे मेकअप आर्टिस्ट रिक बेकर यांनी किशोरवयात त्याच कामातले मुरलेले डिक स्मिथ यांना पत्र लिहिलं, पुढे त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि १९८२ साली मेकअपसाठीचं पहिलं स्पर्धात्मक ऑस्कर बेकर यांना मिळालं. स्मिथ स्वतः महाविद्यालयात डॉक्टरकीच्या तयारीत असताना पुस्तक बघून मेकअप शिकलेले. पण मागायला येणाऱ्याला त्यांनी आपली युक्ती कधी लपवली नाही. सगळेच असे नसतात, पण असतात काही. असिस्ट करताना तू मेकअप कमी शिकशील. उशीर होत असताना ती बाई काय गाळते, नवरी रडायला लागली की ती कोणत्या आवाजात बोलते, ‘मला नाही आवडलं’ ऐकल्यावर तिचा चेहरा कसा असतो, हे शिकशील. या गोष्टी अभ्यासक्रमात घालता येत नाहीत.

घरी करायचा एक सराव सांगते. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीकडून मी हा करून घेते आणि पहिल्या दिवशी प्रत्येक जण वैतागते. मेकअप मुद्दाम बिघडवायचा आणि न धुता दुरुस्त करायचा. आठवड्यातून एक दिवस, एक चेहरा, स्वतःचा चालेल. दोन शेड उजळ बेस लाव, घड्याळात दहा मिनिटं लाव, आणि तो जुळवून दाखव. हात आपोआप गडद फाउंडेशनकडे जाईल. जाऊ देऊ नकोस, थर वाढेल. ओलसर स्पंजने दाबून आधी बेस उचल, पातळ कर. मग तांबूस-नारिंगी क्रीमचा अगदी थोडा अंश त्याच स्पंजने गालांच्या कडेला, कपाळाच्या कडेला, जबड्यावर थापट आणि मानेवर उतरव. पहिल्या खेपेला घाण होईल. चौथ्या खेपेला तू बोलता बोलता करशील.

पुढच्या आठवड्यात एक विंग, म्हणजे डोळ्याच्या कडेबाहेर जाणारं लायनरचं टोक, मुद्दाम वर ने. टोकदार कापूस-काडी मायसेलर वॉटरमध्ये, म्हणजे मेकअप काढायच्या पाण्यात, बुडवून, टिपून, खालून वर एकाच दिशेने पूस. तेलकट रिमूव्हर तिथे वापरू नकोस, नंतर त्यावर काही धरत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात डोळ्यांखाली कन्सीलर जाड लावून त्याला घड्या पडू दे. बहुतेक मुली घडीवरच पावडर मारतात आणि ती घडी कायमची होते. आधी स्वच्छ बोटाने दाबून घडी सपाट करायची, मगच पावडर. सिलिकॉनच्या प्रायमरवर पाण्याचा बेस घासून त्याच्या लोळ्या कशा निघतात तेही एकदा बघून घे, म्हणजे पुढे घासण्याऐवजी थापटशील आणि बाटलीमागची घटकांची यादी वाचशील. रडण्याचाही सराव कर, म्हणजे डोळ्यात पाणी आणून. पुसायचं नाही. टिश्यूची घडी पापणीच्या कडेला टेकवून पाणी शोषू द्यायचं.

हे सगळं मी का करायला लावते? तुझा हात थरथरतो तो रेघ वाकडी जाईल म्हणून, आणि वाकडी गेली तर सगळं संपलं असं तुला वाटतं म्हणून. वाकडी रेघ चाळीस सेकंदांत सरळ होते हे हाताला एकदा कळलं की थरथर निम्मी जाते. उरलेली निम्मी साधी यांत्रिक आहे. करंगळीखाली पावडर पफ धरून ती क्लायंटच्या गालावर टेकव, कोपर बरगडीला लाव. खुर्ची उंच कर, म्हणजे वाकावं लागणार नाही. वाकलेल्या पाठीने कोणाचाच हात स्थिर राहत नाही. डोळे उघडे, नजर समोर ठेवून आधी दोन्ही विंगची फक्त टोकं ठिपक्याने आख, मागे जाऊन आरशात बघ, मग जोड. पहिली रेघ तपकिरी शॅडोने, काळं त्यावर. एका दमात शेवटपर्यंत रेघ ओढणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नकोस.

आरसा क्लायंटला तीनदा दे. बेस झाल्यावर, डोळे झाल्यावर, ओठांच्या आधी. मी पूर्वी क्लायंटला आरशाकडे पाठ करून बसवायची, शेवटी एकदम वळवायची, मोठं नाट्य असायचं. एकदा वळवल्यावर ती बाई जी गप्प झाली, त्यानंतर तो प्रकार बंद केला. बेसच्या वेळी कळलेली नापसंती दोन मिनिटांत निघते. शेवटी कळली तर सगळं पुसावं लागतं. आणि ‘छान आहे, पण जरा वेगळंच वाटतंय’ असं कोणी म्हणालं तर घाबरून स्पष्टीकरण देऊ नकोस, ‘कुठे?’ एवढंच विचार. डोळे, गाल, ओठ, बोट ठेवायला सांग. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा बोट भुवईवर जातं.

स्वच्छतेबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण ‘का’ माहीत असण्याचा तिथे फायदा होतो म्हणून थोडक्यात. अवजारं आणि पावडरच्या पॅलेट पुसायला सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, नव्व्याण्णवचं नाही. जास्त शुद्ध लवकर उडून जातं आणि जंतू मरायला त्यात थोडं पाणी लागतं. क्रीम आणि लिपस्टिक स्पॅच्युलाने स्टीलच्या पॅलेटवर काढून घ्यायची, मस्काऱ्याची काडी एकदाच वापरायची. आणि डोळे आलेले असतील, ओठावर नागीण उठली असेल, तर तिथे हात लावायचा नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. ज्या दिवशी तू कारण सांगून, आवाज न चढवता असं एक काम नाकारशील, त्या दिवशी मला पत्र लिही. मावशींपेक्षा ते अवघड असतं.

पुढच्या महिन्यातली नवरी सोडू नकोस. तिची ट्रायल लगेच ठरव. ट्रायलला बिनमेकअपचा फोटो, मग मेकअपचे तीन फोटो, खिडकीपाशी, घरच्या दिव्यात, फ्लॅशमध्ये, सगळे फिल्टरशिवाय. काय काय किती मिसळलं ते वहीत लिही. कॉन्टॅक्ट लेन्स, ॲलर्जी, नुकतंच केलेलं पील (त्वचेचा वरचा थर काढणारा उपचार) किंवा चालू असलेलं रेटिनॉइडचं (त्वचा नाजूक करणारं) क्रीम, हे विचार. पापण्यांच्या गोंदात लेटेक्स असू शकतं, तेव्हा गोंदाचा ठिपका कानामागे लावून एक-दोन दिवस वाट बघायला सांग. दिवसाचं वेळापत्रक उलटं मांड, तयार व्हायच्या वेळेपासून मागे मोजत ये, आणि वीस मिनिटं कोणालाही न सांगता राखून ठेव. पोटातला गोळा येईलच. मला अजून दिवसाच्या पहिल्या क्लायंटला येतो, आणि तो न येणाऱ्या आर्टिस्टकडे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

त्याआधी एक फोन करायचाय. त्या बहिणीला. ‘तुझे फोटो बघितले, बेसची शेड माझ्याकडून चुकली’ असं सरळ सांग. मावशींचं नाव काढू नकोस, ब्रश तुझ्या हातात होता. फोटोग्राफरला त्वचेचा रंग थोडा उबदार करून द्यायला सांगता येतो, ते तिला सुचव. अजून उशीर झालेला नाही. तिच्या पुढच्या कुठल्याही कार्यक्रमाला एक मेकअप तुझ्याकडून. ती कदाचित म्हणेल, ‘अगं, मला तर काही जाणवलंही नव्हतं.’ कदाचित चिडेल. दोन्ही चालेल, पण रोज एकटीने तो फोटो उघडणं थांबेल.

आणि तुझा छोटा प्रश्न. हसले नाही, मला हा प्रश्न कोणीच विचारत नाही याचंच आश्चर्य वाटतं. समोर उभी राहू नकोस, बाजूला उभी राहा, म्हणजे तुझा श्वास तिच्या कानामागे जाईल. मास्क लाव. श्वास नाकाने. रेघ ओढताना तो रोखून धरू नकोस, रोखला की दहा सेकंदांनी हात हलतोच. रेघ सुरू करताना हळूहळू सोडायला लाग आणि श्वास संपेल तिथे ब्रश उचल. रेघ आखूड होईल, तेवढीच हवी आहे. मग तिच्याकडे बघ. तीही श्वास धरून बसलेली असते, पापण्या त्यामुळेच फडफडतात. तिला म्हण, ‘श्वास घ्या, मी थांबलेय.’

– तुझी ताई